त्रिभुवनबाईंचं अर्ध्यावर तोडलेलं बोलणं

सत्यशीला त्रिभुवन या आमच्या निवृत्त शिक्षिकेबद्दल टाकळीत सध्या दोन गोष्टी बोलल्या जातात. एक, उतारवयात बाईंनी फादरांशी जुळवून घेतलं. दुसरी, बाईंचं डोकं आता चालत नाही, भर सभेत त्या स्वतःच्याच विरोधात बोलल्या. दोन्ही साफ खोट्या आहेत. मी त्या मिशनशाळेत सत्तावीस वर्षं गणित शिकवलं, बाईंच्या शेजारच्या खुर्चीवर बसून डबा खाल्ला, आणि ज्या सभेवरून हे बोललं जातं त्या सभेत तिसऱ्या रांगेत बसलो होतो. म्हणून लिहितो. आमच्या जिल्ह्यात टाकळ्या डझनभर आहेत. ही कुठली ते सांगत नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल.

बाईंचे वडील बजरंग. मिशनच्या बाप्तिस्म्याच्या वहीत त्यांचं नाव बार्थोलोम्यू, पण तसं हाक मारायला गावात कुणाची जीभ वळली नाही. ते विहिरी खणायचे. बहात्तरच्या दुष्काळात विहिरी खणायचंही काम उरलं नाही, तेव्हा आई रंगुबाई सरकारी कामावर खडी फोडायला गेली आणि नऊ वर्षांच्या सत्यशीलाला मिशनच्या बोर्डिंगात ठेवलं. हेतू एवढाच, की पोरीला दोन वेळा खायला मिळावं.

तिथे फादर आल्फोन्स होते. स्वित्झर्लंडहून आलेले, उंच, पांढरा झगा गुडघ्यापर्यंत धुळीने लाल झालेला. मराठी हळू बोलायचे पण चुकायचे नाहीत. पोरांना खायला घालून त्यांनी हात झटकले असते तरी लोकांनी त्यांची पुण्यतिथी केली असती. पण त्यांनी या मुलांना शिकवायला घेतलं आणि तेही पुरतं. मिस्सेतली, म्हणजे चर्चमधल्या उपासनेतली, लॅटिन गाणी नुसती म्हणून घेतली नाहीत, एकेका शब्दाचा अर्थ सांगायला लावला. भाषण कसं उभं करायचं, एका वाक्यातून दुसरं वाक्य खरंच निघतं की नुसतं निघाल्यासारखं वाटतं, हे तपासायला शिकवलं. हे सगळं ते स्वतः डॉक्टर-वकिलांच्या मुलांबरोबर बसून शिकले होते. तेच त्यांनी विहिरी खणणाऱ्यांच्या आणि खडी फोडणाऱ्यांच्या मुलांना शिकवलं, एक पानही न गाळता.

बाई पुढे नगरला बी.ए. झाल्या, बी.एड. झाल्या आणि त्याच शाळेत मराठी आणि इतिहास शिकवायला आल्या. फादर आल्फोन्स गेल्यावर त्यांचा शुक्रवारचा शेवटचा तास बाईंनी घेतला. नववीचा वर्ग. नाव ‘वादाचा तास’, नियम एकच. समोरच्याला विरोध करायचा असेल तर आधी त्याचं म्हणणं तू सांगायचं. थट्टा न करता, काही न गाळता, त्याने स्वतः सांगितलं असतं त्याहून चांगलं सांगायचं. ते ऐकून समोरचा ‘हेच’ म्हणाला, की मगच तुझं तोंड उघडायचं. तो ‘हेच’ म्हणत नाही तोवर पुन्हा प्रयत्न कर.

सोपं वाटतं. करून पाहा. माझ्या घरी मी आणि बायको आठवडाभर करायला बसलो आणि तिसऱ्या दिवशी दोघंही जेवलो नाही.

बाई निवृत्त झाल्या तरी हा एक तास त्यांनी चालू ठेवला. त्याचं मानधन नव्हतं आणि त्यांनी मागितलंही नाही. परवाच्या डिसेंबरात मी सहज त्या तासाला मागच्या बाकावर बसलो होतो. विषय होता, ऊसतोडीला जाताना आईबापांनी मुलांना बरोबर न्यावं का. ‘नेऊ नये’ म्हणणारा समर्थ, घरची बारा एकर बागायत. समोर चांगुणा. तिचे आईबाप जामखेडकडचे, दरवर्षी कारखान्यावर तोडीला येतात, आणि यंदा पहिल्यांदाच ती बोर्डिंगात राहिली होती.

समर्थ ऐटीत उभा राहिला. “त्यांना शिक्षणाचं महत्त्व कळत नाही, म्हणून ते मुलांना नेतात.”

“हे न्हाई,” चांगुणा म्हणाली.

“घरी मुलांना सांभाळायला कुणी नसतं.”

“अर्धं झालं.”

“मग अजून काय असणार?”

“त्ये तू सांग की. बाई, ह्यो मलाच इचारतोय!”

वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. “समर्थ, पुढच्या शुक्रवारपर्यंत वेळ आहे तुला. कोप्या कारखान्याच्या मागेच आहेत.”

कोप्या म्हणजे तोडकऱ्यांच्या पाचटाच्या झोपड्या. समर्थ गेला. वडिलांच्या गाडीवर नाही, सायकलवर गेला, हे विशेष. पुढच्या शुक्रवारी तो उभा राहिला तेव्हा आवाज खाली आला होता. “धाकट्याला मोठीने धरलं नाही तर आईला कोयता धरता येत नाही. गावाकडे आजी आहे, पण तिला दिसत नाही. आणि मुलगी मोठी झाली की तिला सहा महिने एकटी मागे ठेवायची तर आईला इकडे झोप लागत नाही. म्हणून नेतात. त्यांना शाळा नको असते म्हणून नाही.”

चांगुणाने मान वर केली. मग म्हणाली, “हेच.”

“आता तुझं सांग, समर्थ,” बाई म्हणाल्या.

“बाई, मला आता काय बोलावं ते कळंना.”

“मग आज बोलू नकोस. बस.”

सत्तावीस वर्षांत मी हजारो गणितं सोडवून घेतली. पण एका बागायतदाराच्या मुलाला तोडकऱ्याच्या मुलीसमोर असं गप्प आणि शहाणं झालेलं मी कुठल्याच गणितात पाहिलं नव्हतं. या तासातून गेलेला गोरक्षनाथ सुप्याच्या एमआयडीसीत कारखान्यात आहे. पाळीवरून भांडण पेटलं की कामगारही त्यालाच पुढे करतात आणि सुपरवायझरही म्हणतो, गोरक्षला पाठवा, त्याला माझं म्हणणं नीट सांगता येतं. हे प्रमाणपत्र भिंतीवर लावता येत नाही, एवढाच त्यात दोष.

आता सभेचं.

दोन वर्षांपूर्वी फादर अमृत शाळेचे मॅनेजर म्हणून आले. तरुण, कामसू, बोलायला गोड. त्यांनी संडास बांधून घेतले, बोर्डिंगच्या मुलींना गरम पाणी दिलं, हे मी आधी सांगतो, कारण बाईंनीही तेच आधी सांगितलं असतं. पण त्यांच्या मनात एक गोष्ट बसली होती. पुण्याच्या एका शिकवणीच्या कंपनीला शाळेत आणायचं. नववीपासून ‘फाउंडेशन’, म्हणजे डॉक्टर-इंजिनियरच्या प्रवेशपरीक्षांची तयारी, भिंतीवरच्या पडद्यावर. त्यासाठी वेळापत्रकात जागा हवी. कवायतीला हात लावला तर सरकार विचारील, म्हणून हात लागला वादाच्या तासाला.

जानेवारीच्या शेवटी शाळा समितीची सभा झाली. पालकही बोलावले होते. अध्यक्ष हनुमंतराव, खतांचं दुकान आहे त्यांचं, मनाने वाईट नाहीत, पण सभा लवकर संपवण्याचा त्यांना फार अभिमान. बाई समितीवर शिक्षणप्रेमी सदस्य म्हणून होत्या. कंपनीच्या मुलाने पडद्यावर रंगीत आकडे दाखवले. मग हनुमंतराव म्हणाले, “बाई, तुमचा तास जातोय. तुमचं काय म्हणणं हाय ते बोला.”

बाई उभ्या राहिल्या. चष्मा काढून हातात धरला. आणि चाळीस वर्षं मुलांकडून जे करवून घेतलं तेच त्यांनी केलं.

“फादरांचं म्हणणं असं आहे,” त्या म्हणाल्या. “आपली मुलं परीक्षेत मागे पडतात ती हुशारी कमी म्हणून नाही. शहरातल्या मुलांना ही परीक्षा काय आहे ते सहावीत कळतं, आपल्याला बारावीत. त्या पेपरात ‘तुझं मत सांग’ असा प्रश्न नसतो. चार उत्तरं असतात आणि घड्याळ असतं. उसाच्या फडातून आलेली एक मुलगी डॉक्टर झाली, तर तिच्या मागे अख्खं घर फडातून बाहेर पडेल. कुठलाही वाद जिंकून ते होणार नाही. आणि फादर हे हावेपोटी करत नाहीत, काळजीपोटी करतात.” मग त्या वळल्या. “हेच ना, फादर?”

फादर अमृत हसले. “हेच, बाई. अगदी हेच. मलाही इतकं छान सांगता आलं नसतं.”

टाळ्या पडल्या. हनुमंतराव उठूनच उभे राहिले. “झालं तर मग! खुद्द बाईंनीच सांगितलं. कुनाची हरकत? न्हाई. मंजूर! अरे, चहा आना.”

“थांबा,” बाई म्हणाल्या. “आता माझं सांगते.”

पण खुर्च्या सरकल्या होत्या. कपबश्या आल्या होत्या. बाई उभ्याच. “माझं अजून व्हायचंय,” त्या दुसऱ्यांदा म्हणाल्या, तेव्हा एका पालकाने त्यांच्या हातात चहाचा कप दिला आणि म्हणाला, “लई भारी बोललात, बाई.” मी उठून ‘अहो, ऐका’ म्हणालो, पण तोवर निम्मा हॉल व्हरांड्यात गेला होता. आधीच उठायला हवं होतं.

समितीच्या वहीत लिहिलं गेलं, ‘श्रीमती त्रिभुवन यांनी ठरावास पाठिंबा दिला.’

घरी येताना मी चिडलो होतो. “बाई, आधी त्यांचं कशाला सांगत बसलात? समोर काय नववीचा वर्ग होता का?”

“तेच चुकलं, सर,” त्या म्हणाल्या. “वर्गात सगळ्यांना माहीत असतं की आधी दुसऱ्याचं येतं, मग आपलं. इथे मी ते आधी सांगायला हवं होतं. लोकांना वाटलं, जे बोलली ते हिचंच.”

“हनुमंतरावांचं जाऊ द्या. फादरांना कळलं नाही?”

बाई काही बोलल्या नाहीत. मी बोलतो. फादरांना कळलं होतं. सेमिनरीत, म्हणजे फादर होण्याच्या शाळेत, हा माणूस नऊ वर्षं शिकला आहे. तिथे तत्त्वज्ञानाचं पुस्तकच असं असतं, की आधी विरोधकाचे मुद्दे, एकापाठोपाठ एक, आणि मग उत्तर. पाच वाक्यं ऐकल्यावर त्यांना ठाऊक होतं की बाई पहिल्या भागात आहेत आणि दुसरा भाग यायचा आहे. हनुमंतरावांनी टाळी पिटली ती अज्ञानाने. फादर गप्प बसले ते ज्ञानाने. याचा मला संताप येतो, आणि दोन महिने झाले तरी तो उतरत नाही.

दुसऱ्या दिवशी बाई ऑफिसात गेल्या. मी बरोबर गेलो. फादरांनी खुर्ची दिली, पाणी दिलं.

“फादर, काल मी तुमचं म्हणणं सांगितलं,” बाई म्हणाल्या. “आज तुम्ही माझं सांगा.”

“बाई, तुमच्या भावना मी समजू शकतो. चाळीस वर्षांची सवय...”

“हे नाही.”

“म्हणजे... फादर आल्फोन्स यांची आठवण राहावी, परंपरा टिकावी, असं तुम्हाला वाटतं.”

“हेही नाही.”

फादरांच्या कपाळाला आठी पडली. “परीक्षा महत्त्वाची नाही असं तुमचं म्हणणं आहे.”

“तसं मी कधी म्हटलं?”

“बाई, मी काही नववीत नाही.”

“खरं आहे. नववीतल्या समर्थने एका आठवड्यात जमवलं होतं.”

मग फादर अमृत म्हणाले, आणि हे म्हणायला त्यांना जड गेलं हे मला दिसलं, “मला नाही सांगता येत. तुम्हीच सांगा.”

बाईंनी सांगितलं. सभेत जे कुणी ऐकलं नाही ते सगळं सांगितलं. मला आठवतं तसं देतो.

“माझ्या लहानपणी मिशनने आम्हाला दूधपावडर दिली, गहू दिला. त्यावरून गावाने आम्हाला आयुष्यभर टोमणे मारले. पावडरवाले ख्रिस्ती म्हणाले. म्हणोत. पण फादर आल्फोन्सनी जे दिलं त्यावरून आजवर कुणाला टोमणा मारता आला नाही, कारण ते पोट भरायला दिलेलं नव्हतं. ते जे शिकले होते तेच त्यांनी आम्हाला शिकवलं. ‘यांना एवढं कशाला’ हे वाक्य त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. माझ्या आईबापांना जन्मभर तेवढंच ऐकायला मिळालं होतं. तुम्ही सेमिनरीत विचार करायला शिकलात. तुम्हाला ते कुणी चार उत्तरांतलं एक निवडून शिकवलं नाही. आणि आता उसाच्या फडातल्या मुलीला तुम्ही सांगताय, की तुला योग्य खूण करता आली की पुरे. डॉक्टर होऊ दे की तिला. शनिवारी शिकवा, रविवारी दुपारी शिकवा, मी फळा पुसून देईन. पण पेशंटचं म्हणणं तिला पुरतं ऐकून घेता आलं पाहिजे, आणि वरच्या साहेबाला न घाबरता उलट बोलता आलं पाहिजे. हे तिच्या घरातून तिला मिळणार नाही, कारण तिच्या घरच्यांना कुणी कधी बोलूच दिलं नाही. हे शाळेनेच द्यायचं. एवढंच माझं म्हणणं.”

फादरांनी टेबलावरचे कागद बाजूला सारले. मग त्यांनी ते सगळं परत सांगितलं. हळू, नीट सांगितलं. ‘यांना एवढं कशाला’ हे वाक्यही गाळलं नाही. बाईंनी मान हलवली, ‘हेच’ म्हणाल्या.

मला वाटलं, जिंकलो.

“पण बाई, करार झालाय,” फादर म्हणाले. “शुक्रवारची वेळ त्यांनीच मागितलीय, त्यांचा माणूस त्याच दिवशी या बाजूला असतो. मी मागे नाही येऊ शकत.”

मी खुर्चीवरून उठलो. बाईंनी हाताने मला बसवलं. त्यांचा आवाज चढला नाही, पण तो इतका कोरडा मी पूर्वी ऐकला नव्हता. “ठीक आहे. काल तुम्ही न ऐकता बंद केला होता, आज ऐकून बंद करताय. मग लोकांना तसं सांगा. बाईंनी पाठिंबा दिला म्हणून बंद केला असं सांगू नका. माझ्या तोंडी ते घालू नका.”

“बघतो,” फादर म्हणाले.

त्यांनी दोन आठवडे बघितलं. या दोन आठवड्यांत बाईंचे जुने विद्यार्थी त्यांना वाटेत चुकवू लागले. एकाने तर मला पारावर विचारलं, “सर, बाईंना कंपनीनं काय कबूल केलं वो?” मी त्याला काय म्हणालो ते छापण्यासारखं नाही.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी मी चर्चला गेलो. मी ख्रिस्ती नाही, पण मागच्या बाकावर बसायला मला तिथे कुणी कधी हरकत घेतलेली नाही. मिस्सा संपता संपता फादरांनी सूचना वाचल्या. उपासाचे दिवस सुरू होताहेत, पाण्याच्या टाकीचं काम, फाउंडेशनचा वर्ग पुढच्या शुक्रवारपासून. मग आशीर्वादासाठी त्यांनी हात उचलले.

स्त्रियांच्या बाजूला दुसऱ्या बाकातून बाई उठून उभ्या राहिल्या. मिस्सेच्या मध्ये असं कुणी उठत नाही. डोक्यावरचा पदर नीट करून त्या म्हणाल्या, “फादर, एक सूचना राहिली.”

अख्खं चर्च वळलं. फादरांचे हात वर तसेच राहिले. बाई बसल्या नाहीत. एक मूल रडायला लागलं, त्याच्या आईने त्याला बाहेर नेलं, तरी बाई उभ्याच.

शेवटी फादरांनी हात खाली घेतले आणि माइक जवळ ओढला. “वादाचा तास बंद करण्याचा निर्णय माझा आहे. त्रिभुवनबाईंनी त्याला पाठिंबा दिलेला नव्हता. त्यांचं बोलणं सभेत पुरं होऊ दिलं नाही. वहीत तशी दुरुस्ती करीन.”

बाई बसल्या. आशीर्वाद झाला.

मिस्सा सुटल्यावर फादर दारात उभे राहून लोकांशी दोन शब्द बोलतात. त्या दिवशी बायका बाईंचे हात हातात घेत होत्या, हनुमंतरावांचा फोन आला होता म्हणे, मिटलं म्हणून सगळे हसत होते. मीही थोडा हसलो असेन. चर्चच्या पायरीखाली भागूबाई उभी होती, चांगुणाची आई. रविवारी तोड नसली की ती बोर्डिंगात पोरीला भेटायला येते. हातांना उसाच्या पानांनी चिरलेल्या रेघा, पायात पुरुषी चपला. आतलं सगळं तिने भोंग्यावर ऐकलं होतं.

“फादर,” ती म्हणाली, “बाईचं नाव सुटलं, लई झाक झालं. पर माज्या पोरीचा तास?”

“मावशी, तुमच्या मुलीला डॉक्टर करायचंय ना आपल्याला? त्यासाठीच तर...”

“करा की. म्या कुटं नगं म्हन्ते? पर ती सुट्टीत कोपीवर येती, तवा मुकादमाशी नीट बोलती. मुकादम आदी खेकसायचा, आता तिचं ऐकून घेतो. धा वर्सांत त्यानं आमचं ऐकलं न्हवतं. ती म्हन्ती, शुक्रवारी शिकले. त्यो शुक्रवार तुमी काहून घेतला?”

फादर अमृत तिला काहीतरी सांगू लागले. भागूबाईने ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं, मान तिरकी करून, एकही शब्द मध्ये न बोलता. मग तिने डोक्यावरचा पदर पुढे ओढला.

“तुमचं समजलं,” ती म्हणाली. “आता माजं ऐका.”

पण फादरांना पुढच्या वाडीवर मिस्सेला जायचं होतं आणि जीप सुरू झाली होती.